‘कुंकू’तील ध्वनियोजना : चित्रपटसंगीताचे मूल्यमापन

मागील घटकात आपण हॉलिवूडच्या अभिजात चित्रपटांतील पार्श्वसंगीताचा विचार केला. मॅक्स स्टायनर यांनी ‘किंग काँग’ (१९३३) या चित्रपटात वाद्यवृंदाला पडद्यावरील हालचालींच्या बरोबरीने चालविले. प्रेक्षकाने कोठे भ्यावे आणि कोठे हळहळावे, हे संगीतच त्याला सांगू लागले. ही पद्धत प्रभावी खरी. परंतु तीच एकमेव कसोटी मानल्यास आपल्याकडील एका महत्त्वाच्या चित्रपटाचे मूल्यमापन चुकेल.

व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ हा प्रभातचा चित्रपट १९३७ साली प्रदर्शित झाला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवणुकीने वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मनाने स्वीकारीत नाही, हे त्याचे कथासूत्र. संगीतकार केशवराव भोळे हे ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या वास्तववादी नाटकाच्या संगीताचा अनुभव घेऊन चित्रपटाकडे आले होते. ‘कुंकू’त रूढ पार्श्वसंगीत वापरलेले नाही. प्रसंगातून जे ध्वनी स्वाभाविकपणे निर्माण होतील, तेच ऐकू येतात. गाणी आहेत, पण तीही पात्रांच्या जगण्यातून येतात.

याचा परिणाम काय होतो? नीरेच्या दुःखावर सारंगीचा सूर पसरला असता, तर प्रेक्षक तिची कीव करून मोकळा झाला असता. येथे मात्र घरातील शांतता आणि घड्याळ यांच्या सान्निध्यात त्याला स्वतःच निर्णय करावा लागतो. काकासाहेबांच्या सरत्या वयाचे सूचन घड्याळ करते. त्यासाठी वेगळ्या सुरावटीची गरज उरत नाही. (शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घालणे मात्र आज काहीसे उपदेशपर वाटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.) हिचकॉक यांचा रूढ पार्श्वसंगीताविना असलेला ‘द बर्ड्‌स’ १९६३ साली आला, हेही येथे लक्षात घ्यावे.

म्हणून संगीताचे विश्लेषण करताना ‘चाल गोड आहे का’ हा प्रश्न मागे ठेवावा. ध्वनी कोणाचा आहे, तो पात्रांना ऐकू येतो की केवळ प्रेक्षकांना, आणि तो काढून टाकल्यास प्रसंगाचा अर्थ बदलतो का, हे आधी पाहावे.

स्वयं-अध्ययन : परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. तेथील एका घरात पहाटे एकटी स्त्री जात्यावर दळीत आहे, असा प्रसंग कल्पा. त्यात जात्याची घरघर आणि ओवी एवढेच ठेवाल, की बासरीची जोड द्याल? आपली निवड दहा ओळींत सकारण मांडा.