जुनी अलॉय चाके बसविताना घ्यावयाची काळजी



जीप, कार आणि छोटे मालवाहू वाहन आता शेतीच्या कामाचाच भाग झाले आहे. बाजार समिती, दूध संकलन केंद्र, रोपवाटिका अशी धावपळ त्यावरच होते. अशा वाहनाची लोखंडी चाके काढून जुन्या बाजारातील अलॉय चाके बसविण्याकडे अनेकांचा कल दिसतो. ती नव्यापेक्षा स्वस्त पडतात आणि नीट पारखून घेतल्यास उपयोगीही ठरतात. परंतु भोके बोल्टवर बसली म्हणजे चाक बसले, ही समजूत घातक आहे. घाटात भरल्या गाडीचे चाक निखळले, तर वाचविलेल्या पैशांचा काही उपयोग नाही.

खरेदीपूर्वी पाहणी

लोखंडी चाक खड्ड्यात आदळले तर बहुधा वाकते व दोष डोळ्यांना दिसतो. ओतीव ॲल्युमिनियमचे चाक मात्र तडकू शकते, आणि बारीक तडा रंगाखाली झाकला जातो. म्हणून चाक टायर काढूनच पाहावे.

१) चाक धुऊन, पुसून उन्हात न्यावे. आतील कड, आऱ्यांची मुळे व नटांच्या भोकांभोवतालची जागा बारकाईने तपासावी.
२) वेल्डिंग केलेले किंवा तापवून सरळ केलेले चाक घेऊ नये. उष्णतेमुळे त्या ठिकाणची धातूची ताकद घटते.
३) आतील बाजूस नुकताच जाड रंग दिला असेल तर त्याचे कारण विचारावे.
४) चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहावे. कड डोलत असेल तर चाक परत करावे.
५) नटांची भोके लांबट झालेली असल्यास ते चाक पूर्वी ढिले राहून चाललेले आहे, असे समजावे.

मापे जुळविणे

बोल्टांचे वर्तुळ : बोल्टांची संख्या आणि त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ही दोन्ही मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. चार बोल्ट असल्यास समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर हाच व्यास होय. पाच बोल्ट असल्यास शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास १.७०१ ने गुणावे. उदाहरणार्थ, हे अंतर ८२.१ मि.मी. भरले तर व्यास सुमारे १३९.७ मि.मी. येतो. मारुती जिप्सीचे माप हेच आहे. ९८ मि.मी. वर्तुळाच्या गाडीवर १०० मि.मी.चे चाक ओढूनताणून चढते, पण नट तिरके बसतात व पुढे सैल होतात. असे चाक कदापि बसवू नये.

मधले भोक : चाकाचे मधले भोक हबवर घट्ट बसावे. भोक मोठे असल्यास योग्य मापाचे कडे मध्ये घालावे. भोक लहान असल्यास ते घासून मोठे करू नये. दुसरे चाक पाहावे.

चाकाची बैठक : चाकाच्या आत किंवा आऱ्यामागे ‘ईटी’ व त्यापुढे आकडा असतो. मूळ चाक ईटी ४५ व नवे तेवढ्याच रुंदीचे ईटी ३५ असेल, तर चाक १० मि.मी. बाहेर येते. त्यामुळे बेअरिंगवरील ताण वाढतो आणि टायर मडगार्डला घासू शकतो. हा आकडा मुळाच्या शक्य तितका जवळचा असावा.

भारक्षमता : वाहनाच्या पुस्तिकेत प्रत्येक आसावरील कमाल भार दिलेला असतो. त्याच्या निम्म्याहून कमी क्षमतेचे चाक चालणार नाही. आसावर १,२०० किलो भार असेल तर चाकावर किमान ६०० किलो हवेत. आकडा पौंडात असल्यास ०.४५३६ ने गुणून किलो काढावेत. ज्या चाकावर क्षमता लिहिलेली नाही, ते कांद्याच्या गोण्या किंवा दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीस लावू नये.

नट व टायर

नटाची बैठक शंकूसारखी, गोलाकार किंवा सपाट असते. चाकातील खळगा ज्या आकाराचा असेल, त्याच आकाराचा नट वापरावा. अन्यथा नट केवळ कडेवर टेकतो. नट हाताने फिरवून आटे मोजावेत. १२ मि.मी. जाडीच्या व १.२५ मि.मी. आट्याच्या बोल्टवर नटाचे किमान १० फेरे बसावेत, आटा १.५ मि.मी.चा असल्यास ८.

रिम मोठी घेतल्यास टायरचा एकूण व्यास बदलू देऊ नये. १६५/८० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ६२० मि.मी. आणि १८५/६५ आर १५ चा सुमारे ६२२ मि.मी. आहे, म्हणून हा बदल जुळतो. टायरवरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. जुन्या चाकांबरोबर आलेला टायर या अंकांवरून पारखून घ्यावा.

बसविण्याची पद्धत

१) गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा व विरुद्ध चाकास दगड लावावा.
२) हबवरील गंज, माती व जुना रंग तारेच्या ब्रशने काढावा. बोल्टांच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. त्यामुळे नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.
३) चाक चढवून सर्व नट आधी हातानेच लावावेत. नंतर समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करावेत.
४) चाक हाताने फिरवून ते ब्रेकला वा इतर भागास घासत नाही, याची खात्री करावी.
५) गाडी खाली उतरवून पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्ह्याने शेवटचे आवळावे. पान्ह्याला पाईप लावून जोर देऊ नये. आटे ताणले जातात.

त्यानंतरची देखभाल

सुरुवातीच्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. व्हॉल्व्हला व रिमच्या कडेला साबणाचे पाणी लावून हवा गळते का पाहावे. स्टेपनी लोखंडी असेल तर तिचे मूळ नट गाडीतच ठेवावेत, कारण अलॉयचे नट तिला चालतीलच असे नाही. स्टिअरिंग थरथरू लागले किंवा चाकातून टकटक आवाज आला, तर गाडी तेथेच थांबवून नट पाहावेत.

बैल विकत घेताना आपण त्याचे दात व खूर पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. चाकाच्या बाबतीतही रंगाची चकाकी न पाहता माप, तडे व भारक्षमता पाहावी. यांपैकी एकही गोष्ट जुळत नसेल, तर मूळ लोखंडी चाकच ठेवणे शहाणपणाचे आहे.