आधी रोजचा रस्ता सांगा

माझं घर गंगापूर रोडला आणि कारखाना अंबडला. मधे सातपूरचे सिग्नल, शाळेच्या बस, मालाचे ट्रक. अंतर दहा किलोमीटरच्या आत-बाहेर, वेळ मात्र अर्धा तास. आठवड्यातले सहा दिवस माझी गाडी एवढीच धावते. नाशिकच्या कितीतरी डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कारखानदारांच्या गाड्या अशाच चालतात. तरीही चाळीस-पन्नास लाखांची सेडान घेताना पहिला प्रश्न असतो, "किती देते?"

मला शोरूमने डिझेल सुचवली. टॉर्क सांगितला, ॲव्हरेज सांगितलं, पुढे विकताना काय भाव येईल तेही सांगितलं. रोज कुठून कुठे जाता, हे मात्र कोणी विचारलं नाही. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण पुढे सांगतोय ते 1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक डिझेल कारला लागू आहे.

पहिलं वर्ष सुखात गेलं. मग घरी आल्यावर इंजिन बंद केलं तरी पुढचा पंखा बराच वेळ घोंघावत राहू लागला. सिग्नलला उभं असताना आरपीएम थोडे चढलेले दिसू लागले, ॲव्हरेज उतरलं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "सर, नॉर्मल आहे." शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून बाहेर काढली. ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. एक थेंब त्याने अंगठा आणि तर्जनीत चोळला आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. डिझेलचा सणसणीत वास. "भाऊ, ऑईल कमी होतं, वाढत नाही. वाढलं तर ते नुसतं ऑईल नाही."

कारण समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी ठराविक साठली की गाडी ती स्वतःच जाळते. त्यासाठी फिल्टरमध्ये 600 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. ती आणायला इंजिन नेहमीच्या फवाऱ्यानंतर थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी वेगात राहिली तर काम पुरं होतं. मधेच कारखाना आला आणि चावी फिरवली, की पंखा घोंघावत राहतो आणि काजळी तशीच राहते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निफाडकडची थंडी शहरात उतरते त्या दिवसांत तर इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत माझा प्रवास संपलेला असतो. पातळ झालेलं ऑईल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगना नीट सांभाळू शकत नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या फिल्टरचा राहत नाही, इंजिनाच्या आयुष्याचा होतो.

याच मॉडेलची, याच इंजिनाची गाडी पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदार मित्राकडे आहे. निर्यातीच्या कामासाठी तो सतत मुंबई आणि न्हावा-शेव्याला जात असतो. पूर्वी कसारा घाट, आता इगतपुरीहून समृद्धी. 5 जून 2025 पासून तो महामार्ग आमणेपर्यंत खुला आहे आणि सपाटीवर कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्याचा फिल्टर दर प्रवासात साफ होतो. त्याला डिझेलबद्दल एक शब्दही वाईट बोलायचा नाही, आणि त्याचं बरोबर आहे. "ही गाडी भरवशाची का?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं, ते असं.

माझ्यासारखं चालवणं असलेल्यांनी डिझेल आधीच घेतली असेल, तर आठवड्यातून एकदा ओझर किंवा घोटीच्या दिशेने अर्धा तास सलग हायवेला न्या, गिअर थोडा खालचा ठेवून. पंखा घोंघावत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, एक चक्कर मारून या. दर पंधरवड्याला डिपस्टिक स्वतः पाहा. काही नव्या गाड्यांत ती नसते, तिथे स्क्रीनवर पातळी बघावी लागते. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच दर्जाचं, कमी राखेचं हवं. काजळी जळते, ऑईलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. आणि कोणी "फिल्टर कापून टाकू, सॉफ्टवेअर बदलू, कटकट संपली" असं म्हणालं तर तिथून गाडी काढा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे फेरफार करू देत नाही, वॉरंटीही जाते, आणि तो काळा धूर आपल्याच गावाच्या छातीत जातो.

मग पेट्रोल घ्यावं का? शहरी वापराला बहुधा हो. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या खासगी कारला पेट्रोलसाठी 13 टक्के आणि डिझेलसाठी 15 टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे पन्नास लाखांच्या गाडीत पहिल्याच दिवशी एक लाखाचा फरक पडतो. डिझेलच्या ॲव्हरेजमधून तो भरून निघायला माझ्यासारख्याला वर्षं लागतील. पण आजची टर्बो-पेट्रोल इंजिनंही साधी नाहीत. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन चढतो. जुनी गाडी घेताना हे तपासायला सांगा. ई-20, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार हवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. एप्रिल 2023 आधीची गाडी असेल तर तिचे सील आणि पाइप त्याला चालतात का, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

आणि इंजिनाइतकंच गिअरबॉक्सकडे बघा, इथे लोक फार दुर्लक्ष करतात. आपल्या शेंद्र्याला पूर्वी जुळणी होणाऱ्या स्कोडा सुपर्बचं उदाहरण घ्या. 2016 च्या मॉडेलमध्ये 1.8 लिटरचं, 180 पीएसचं तेच पेट्रोल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत 320 न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं आणि ऑटोमॅटिकसोबत 250. ऑटोमॅटिकमधल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादाच तेवढी होती. डिझेल सुपर्बला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी होता. नाव एकच, आतली यंत्रं वेगळी. त्यामुळे "डीएसजी चांगला की वाईट" असं विचारू नका. कोणता, कोणत्या वर्षाचा, आणि त्याचं तेल कधी बदललं, ते विचारा.

हायब्रिडबद्दल माझं मत ठाम आहे: शहरात राहणाऱ्याला या किमतीत ती सगळ्यात निवांत गाडी. बिडदीला जुळणी होणाऱ्या टोयोटा कॅमरीत 2.5 लिटरचं टर्बोविना इंजिन आहे, मोटर आहे, आणि झिजणारे क्लच असलेला गिअरबॉक्स नाही. बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. मागच्या सीटपाशी बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी असते. आपल्याकडच्या धुळीत ती बुजते आणि प्रवासी तिच्यावर बॅगाही टेकवतात. ती जाळी साफ ठेवा. गाडी चालवण्यातली मजा शोधणाऱ्याला मात्र ही गाडी रुचणार नाही, हेही खरं.

जुनी गाडी घेत असाल तर चासी नंबर देऊन रिकॉल झालंय का आणि काम केलंय का, हे कंपनीकडून लेखी घ्या. डिसेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन गटाने ईए-189 डिझेल इंजिनाच्या 3,23,700 गाड्या भारतात परत मागवल्या. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने त्यांच्या धुराची तपासणी केली होती. त्यातल्या ऑडी आणि स्कोडा आजही बाजारात हात बदलतात.

शेवटचं, कागदांबद्दल. सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. "जनरल चेकअप" यावर सही करू नका. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर राज्य आयोग. गाडी कंपनीच्या नावावर असली तरी घाबरू नका. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या गाडीपुरती कंपनीही ग्राहकच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये एका मर्सिडीजच्या खटल्यात दिला. माझ्या बाबतीत वेळ तिथवर आली नाही. "ऑईलची पातळी वाढते, डिझेलचा वास येतो" असं एका जॉब कार्डवर मी हट्टाने लिहून घेतलं होतं. त्यासोबत पातळीचे तारखेसह फोटो जोडले आणि फिल्टर वॉरंटीत बदलून मिळाला. ती गाडी आता पुण्याच्या भावाकडे आहे. दर शनिवारी तो संगमनेरमार्गे नाशिकला येतो आणि गाडी झकास चालते.