रबराचा पट्टा आणि स्मॅश

चि. मुग्धा हिस,


दादाने तुझा एमआरआयचा रिपोर्ट पाठवला. ‘कंडरा फाटली’ म्हणताना त्याचा आवाज कापत होता. पण तुझ्या खांद्यातल्या सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा अर्धवट फाटली आहे, आणि अशा कंडरा बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय, नेटाने केलेल्या व्यायामाने कामाला लागतात.

खांद्याचा गोळा फार उथळ खोबणीत बसलेला असतो. चार छोटे स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात, आणि स्मॅश मारून झाल्यावर सुसाट निघालेला हात आवरतात तेही तेच. कंडरेला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ती आठवड्यांच्या नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने बरी होते. नुसतं गळ्यात हात बांधून बसलीस तर खांदा आखडेल. कंडरेला भार हवा, पण बेताबेताने वाढवलेला.

रबराच्या पट्ट्याचा तुझा व्हिडिओ पाहिला. कोपर अंगापासून सुटतंय. काखेत टॉवेलची गुंडाळी धर. ती पडली म्हणजे ती खेप मोजायची नाही. मनगट वाकवून पट्टा ओढू नकोस. हात बाहेर नेतेस त्याच्या दुप्पट वेळ घेऊन परत आण. तू पट्टा फटकन सोडून देतेस, आणि खरा व्यायाम त्या परतीतच आहे. खांदा कानाकडे चढायला लागला की थांब.

थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच हवं. वाढलेलं असेल तर भार कमी कर, व्यायाम बंद करू नकोस. हात एकाएकी उचलेनासा झाला किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. गावाकडून कुणी हाडवैद्य किंवा मालिशवाला सुचवेलच. वहिनीला सांग, आत्याने साफ नाही म्हटलंय.

मला काळजी आहे ती दुखणं थांबेल त्या आठवड्याची. रात्री कुशीवर झोप लागेल, वेणी घालताना कळ येणार नाही, आणि तुझा हात रॅकेटकडे जाईल. दुखणं आधी जातं, ताकद बरीच मागाहून येते. या मधल्या काळातच खेळाडू पुन्हा जायबंदी होतात. आधी नेटजवळचे हलके फटके, मग ड्रॉप, मग क्लिअर. स्मॅश सगळ्यात शेवटी, तोही फिजिओने दोन्ही हातांची ताकद ताडून पाहिल्यावर. जिल्हा स्पर्धेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याचं तुझ्या डोक्यात आहे म्हणे. त्याने काही आठवडे वेदना दबेल, कंडरा सांधली जाणार नाही. स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे.

दादा तुला सचिन तेंडुलकरचं उदाहरण देतो. 2006 मध्ये खांद्याच्या ऑपरेशननंतर त्याने सप्टेंबरात क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद 141 काढल्या, हे दादाला तोंडपाठ. त्याआधी त्याच संघाविरुद्धचा अख्खा दौरा त्याला घरी बसून काढावा लागला, हे दादा सोयीस्करपणे विसरतो.

तोवर पाय आणि पोटाचे व्यायाम दुप्पट कर; स्मॅशचं निम्मं बळ तिथूनच येतं, आणि तुझे पाय, खरं सांगू, आळशीच आहेत. रविवारी टॉवेल लावून नवा व्हिडिओ पाठव. पाठीमागून काढ, म्हणजे मला खांद्याचं पातं दिसेल.

तुझी,
आत्या