संशोधन प्रकल्प : विषयाकडून प्रश्नाकडे

महाविद्यालयीन संशोधन प्रकल्प हाती घेताना विद्यार्थी बहुधा विषयाचे नाव ठरवून थेट माहिती जमवू लागतात. ‘भारतातील स्त्री-साक्षरता’ हा असाच एक विषय होय. त्यावर माहिती विपुल मिळते; परंतु कोणती ठेवावी व कोणती वगळावी, याचा निकष हाती नसतो. परिणामी प्रकल्प हे केवळ उताऱ्यांचे संकलन ठरते. म्हणूनच विषयाचे प्रश्नात रूपांतर करणे ही संशोधनाची पहिली पायरी आहे.

प्रश्नाला स्थळ, काळ व समूह यांच्या मर्यादा असाव्यात. उदाहरणार्थ, ‘२००१ ते २०११ या दशकात नंदुरबार जिल्ह्यातील स्त्री-पुरुष साक्षरतेचे अंतर कमी झाले काय?’ हा प्रश्न जनगणनेच्या आधारे तपासता येतो. हीच तुलना १९९१ पासून करावयाची झाल्यास मात्र अडचण येते. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे १९९१ साठी तालुकानिहाय आकडे एकत्र करावे लागतात.

दुसरी पायरी व्याख्येची. जनगणनेनुसार सात वर्षे व त्यावरील वयाची, कोणतीही भाषा समजून वाचू व लिहू शकणारी व्यक्ती साक्षर मानली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील स्त्री-साक्षरतेचा दर मात्र १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचा असतो. हे दोन दर एकाच तक्त्यात मांडल्यास निष्कर्ष चुकतो.

तिसरी पायरी स्रोताच्या पडताळणीची. २०११ च्या जनगणनेच्या हंगामी आकडेवारीत देशाचा साक्षरता दर ७४.०४ टक्के होता. अंतिम आकडेवारीत तो ७२.९९ टक्के झाला. स्त्री-साक्षरतेचा दरही ६५.४६ वरून ६४.६४ टक्क्यांवर आला. त्यामुळे आकड्यासोबत वर्ष आणि तो हंगामी की अंतिम, याची नोंद आवश्यक ठरते.

प्रश्न, व्याख्या व स्रोत एका पानावर लिहून मार्गदर्शकांशी चर्चा केल्यानंतरच माहिती-संकलनास आरंभ करणे श्रेयस्कर. साक्षरतेच्या टक्केवारीतील प्रत्येक अंशामागे अक्षरओळखीपासून वंचित राहिलेल्या लाखो स्त्रिया आहेत. त्यांच्याविषयीचे विधान अचूक असावे, ही अभ्यासकाची पहिली जबाबदारी होय.