पहिले शंभर फूट

१६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात ४० चित्रचौकटी मावतात. बोलपटाच्या कॅमेऱ्यातून दर सेकंदास अशा २४ चौकटी सरकतात. म्हणजे शंभर फुटांचे एक रीळ २ मिनिटे ४६ सेकंदांत संपून जाते. चित्रपटविद्येच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी आपला पहिला धडा या हिशेबापासूनच गिरविला. पुण्यास प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० साली भारत सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, त्या काळी विद्यार्थ्याच्या हाती फिल्म मोजूनमापूनच पडे. बटण दाबण्यापूर्वी काय टिपावयाचे हे ठरविणे त्यास भागच होते. आज खिशातल्या फोनवर तासन्‌तास चित्रण करता येते आणि त्यास वेगळा खर्च पडत नाही. ही सोय लहान नव्हे. परंतु निवड करण्याचे काम तिने रद्द केले नाही, केवळ पुढे ढकलले. चार तासांच्या चित्रणातून चार मिनिटे वेचण्यास बसलेल्या नवशिक्यास याचा प्रत्यय लवकरच येतो.

कॅमेरा हाताळताना प्रथम समजून घ्यावयाचे ते भिंगाचे छिद्र. भिंगाच्या कड्यावर २, २·८, ४, ५·६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असतात. आकडा वाढला की छिद्र लहान होते, हे पाहून नवशिके हमखास गोंधळतात. वस्तुतः हा आकडा म्हणजे एक भागाकार आहे : भिंगाच्या केंद्रांतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता तो येतो. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगावर २ हा आकडा लावला तर छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर असतो. ४ लावला तर साडेबारा. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ चौथाई होते, आणि आत येणारा प्रकाशही चौथाई होतो. म्हणूनच या दोहोंच्या मध्ये २·८ ही पायरी ठेवलेली आहे. प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो, एवढे एकदा मनात ठसले की कड्यावरील आकडे पाठ करावे लागत नाहीत. छिद्र लहान केल्याने आणखी एक गोष्ट घडते. पुढच्या माणसाबरोबर त्याच्या मागची भिंतही रेखीव दिसू लागते. छिद्र मोठे ठेवल्यास माणूस तेवढा स्पष्ट उरतो आणि भिंत विरघळून जाते. अशी धूसर पार्श्वभूमी आजच्या विद्यार्थ्यांना फार प्रिय आहे. मात्र ज्या कथेत ती भिंतच बोलावयास हवी, तेथेही ती विरघळविण्याचा मोह त्यांना आवरत नाही.

दुसरी गोष्ट शटरची. फिल्म-कॅमेऱ्यात हे शटर म्हणजे फिरणारी अर्धवर्तुळाकार चकती असते. तिच्यामुळे चौकटीच्या निम्म्या काळापुरताच, म्हणजे सेकंदाचा ४८वा भाग, प्रकाश फिल्मवर पडतो. एवढ्या अवधीत चालत्या माणसाचा हात किंचित अस्पष्ट उमटतो, आणि त्या अस्पष्टतेमुळेच पडद्यावरची हालचाल डोळ्यांस स्वाभाविक वाटते. अवधी फार कमी केला तर तीच हालचाल तुटक भासते. भारतात येथे एक वेगळीच अडचण उभी राहते. आपल्या घरगुती विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा आहे. त्यामुळे जुन्या धाटणीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदास १०० वेळा उणाअधिक होतो. डोळ्यांस तो दिसत नाही, कॅमेऱ्यास दिसतो. शटरचा अवधी सेकंदाचा ५०वा भाग ठेवला म्हणजे प्रत्येक चौकटीत प्रकाशाचे नेमके दोन चढउतार सामावतात आणि चित्र लुकलुकत नाही. चकतीचा कोन बदलता येत असेल, तर २४ चौकटींच्या वेगास तो १७२·८ अंश ठेवावा लागतो. परदेशी पुस्तकांतून शिकलेल्या विद्यार्थ्याची येथे गफलत होण्याचा संभव असतो, कारण अमेरिकेत विजेची आवर्तने ६० आहेत.

प्रकाश किती घ्यावा हे यंत्र सांगते. कोठून घ्यावा हे पाहण्याने कळते. सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे (१९५५) चित्रण केले, तत्पूर्वी त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा चालविलेला नव्हता. पुढे ‘अपराजित’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले. अशा अंगणात प्रकाश आकाशातून सर्वत्र सारखा झिरपतो, हे त्यांनी हेरले होते. तेव्हा त्यांनी वर पांढरे कापड ताणले, दिव्यांचा झोत त्यावर टाकला आणि परतून आलेल्या मृदू प्रकाशात चित्रण केले. घरच्या चादरीवर हा प्रयोग कोणासही करून पाहता येईल.

‘पथेर पांचाली’च्याच आरंभीची एक हकीकत सातत्याच्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १९५२च्या ऑक्टोबरात काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेल्या माळावर पहिल्या दिवसाचे काम झाले. पुढच्या आठवड्यात मंडळी परतली, तो गुरांनी तुरे खाऊन टाकलेले. दृश्याचा उर्वरित भाग टिपण्यास पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. पडद्यावर सलग वाटणारा क्षण निरनिराळ्या दिवशी टिपलेला असतो. म्हणून पात्राचा पदर कोणत्या खांद्यावर होता, पेल्यात पाणी किती होते, याची नोंद त्याच दिवशी वहीत करावयाची असते. दोन व्यक्ती समोरासमोर बोलत असतील, तर त्यांस जोडणारी एक काल्पनिक रेषा मानून कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा. ती ओलांडली की दोघेही एकाच दिशेस पाहताना दिसू लागतात.

संकलनाचा धडा मात्र एका टंचाईतून जन्मास आला. १९१९ साली मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली तेव्हा रशियात यादवी युद्ध चालू होते आणि कच्ची फिल्म जवळजवळ मिळतच नव्हती. विशीच्या उंबरठ्यावर असलेले लेव्ह कुलेशोव्ह तेथे शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी रंगमंचावर दृश्ये उभी करीत आणि त्यांस ‘फिल्मविना चित्रपट’ म्हणत. ग्रिफिथच्या ‘इन्टॉलरन्स’सारखे (१९१६) चित्रपट त्यांनी बारकाईने अभ्यासले. जुन्या चित्रपटातील मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेऊन कुलेशोव्ह यांनी तो वेगवेगळ्या दृश्यांशी जोडला. पुदोव्हकिन यांच्या कथनानुसार, सूपच्या थाळीपुढे तो विचारमग्न वाटला, शवपेटीतील स्त्रीपुढे शोकाकुल, खेळणाऱ्या मुलीपुढे प्रसन्न. मूळ फीत आज उपलब्ध नाही आणि इतरांची वर्णने थोडी निराळी आहेत. तथापि हा प्रयोग कोणत्याही वर्गात अर्ध्या तासात पुन्हा करता येतो, आणि करून पाहिल्यावाचून तो पटतही नाही. अर्थ चेहऱ्यात नसून दोन चित्रांच्या सांध्यात आहे, हे एकदा दिसले म्हणजे चित्रणही बदलते : नटाकडून रडू काढण्यापेक्षा तो काय पाहतो आहे हे टिपण्याकडे लक्ष जाते.

पूर्वी हा सांधा हाताने, कात्री आणि चिकटपट्टी यांनी घातला जाई. आता संगणकावर कापलेले पुन्हा जोडणे क्षणाचे काम आहे. कोठे कापावे हा प्रश्न जुनाच राहिला. हालचाल पूर्ण झाल्यावर कापण्यापेक्षा ती चालू असतानाच कापलेले डोळ्यांस कमी जाणवते. माणूस खुर्चीत बसू लागला की पहिले चित्र संपवावे आणि बसत असतानाच दुसरे सुरू करावे. यासाठी ती हालचाल दोन्ही बाजूंनी संपूर्ण टिपलेली हवी. ज्याने बटण घाईने बंद केले, त्यास संकलनाच्या मेजावर हे फार उशिरा कळते.

ध्वनीचेही असेच. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एकीत पंख्याची घरघर, दुसरीत दूरचा रस्ता. संवादाचे दोन तुकडे जोडताना मधली जागा रिकामी ठेवली, तर ध्वनी एकदम मेल्यासारखा वाटतो. म्हणून चित्रण संपल्यावर, सामान आवरण्यापूर्वी, सर्वांनी स्तब्ध उभे राहून त्या खोलीची अर्धा मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करून घ्यावयाची असते.