अर्ध्या वाटेवर मोडलेला संसार पुन्हा कसा उभा राहतो



तरुणपणी आपत्ती आली, तर लोक धीर देताना म्हणतात की, अजून सारे आयुष्य पुढे आहे. म्हातारपणी आली, तर म्हणतात की, आता थोडेच दिवस उरले आहेत. परंतु चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसावर संकट कोसळले, म्हणजे यांपैकी एकही बोल त्यास लागू पडत नाही. मागे जाता येत नाही, आणि पुढची वाट तर लांब असते. मुलांचे शिक्षण अर्धवट, वृद्ध आईबाप पदरी, कर्ज डोक्यावर, आणि अंगातील जोम ओसरू लागलेला. अशा वेळी मोडलेला संसार पुन्हा उभा राहतो काय, आणि राहतो तर कोणत्या क्रमाने, याचा विचार आम्ही आजच्या पाठात करणार आहोत.

हा प्रश्न आमच्या शिरड शहापूरच्या परिसरास परका नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील हा मुलूख सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर जगतो, आणि ही पिके बहुतांशी पावसावर अवलंबून असतात. एक पावसाळा चुकला, किंवा काढणीच्या दिवसांत पावसाने गाठले, की सावकाराचा आणि बँकेचा हिशेब चुकतो. मराठवाड्यातील कित्येक शेतकऱ्यांनी कर्जापायी स्वतःचा जीव दिला, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी ऐन मध्यम वयातील आहेत. घरचा कर्ता गेला, त्याच आठवड्यात देणेकरी दाराशी उभे राहिले, आणि त्याच महिन्यात पेरणीची वेळ आली, अशी त्यांची स्थिती असते. हा पाठ त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणां सर्वांसाठी आहे.

एका बाईची हकीकत

लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर पतीकडून शिकल्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांचा संसार एकदा मोडलाच होता. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, आणि १९०० साली त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

दुसरा घाव ९ मे १९१९ रोजी पडला. त्या दिवशी टिळक मुंबईत निवर्तले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. टिळकांनी पैसा कधी जमविला नव्हता. मृत्यूच्या दोन वर्षे आधी त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली होती. म्हणजे पन्नाशीच्या विधवेच्या हाती नाव मोठे होते, पण शिल्लक नव्हती.

यानंतर त्यांनी काय केले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. प्रथम त्यांनी मुंबईत मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रनचे काम पत्करले. ते काम मोठेपणाचे नव्हते; मुलींचे जेवणखाण, आजारपण आणि भांडणे पाहण्याचे होते. पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीस जाऊन राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते, ते थोडे अध्याय होऊन थांबले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात आपले चौसष्ट अध्याय घातले. आणि शेवटी त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय साठीच्या बरेच पुढे गेले होते. १९३६ साली त्या वारल्या. पन्नाशीत जिला "आता काय उरले?" असे कोणीही म्हटले असते, तिचे नाव मराठीत आज ज्या ग्रंथामुळे जिवंत आहे, तो त्यानंतरचा आहे.

या हकीकतीतून तीन गोष्टी

पहिली गोष्ट ही की, लक्ष्मीबाईंस जुना संसार परत मिळाला नाही. मध्यम वयातील शोक बरा होतो, याचा अर्थ गेलेले परत येते असा नव्हे. जो मनुष्य पूर्वीचे घर जसेच्या तसे उभे राहण्याची वाट पाहतो, तो पडलेल्या भिंतीजवळच बसून राहतो.

दुसरी गोष्ट ही की, उभारणीचा आरंभ हाताशी असलेल्या लहान कामापासून झाला. आधी पोटाचे काम, मग अपुरे राहिलेले काम, आणि मग आठवणींचे काम. हा क्रम उलटा केला, तर बहुधा साधत नाही. रिकाम्या पोटी आठवणी काढीत बसणारा माणूस आठवणींतच बुडतो. पण दिवसभर काही काम झालेल्या माणसास संध्याकाळी त्याच आठवणी सोबत करतात.

तिसरी गोष्ट ही की, त्यांनी आपले दुःख लपविले नाही. उपासमार, ताटातूट, रुसवेफुगवे, सारे त्यांनी सांगितले, आणि हसत हसत सांगितले. पवित्र शास्त्रातील नामीची गोष्ट आम्हांस येथे आठवते. दुष्काळामुळे ती परदेशी गेली, तेथे नवरा व दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमास परतली, आणि आपले जिणे कडू झाले असे तिने गावच्या बायकांस उघड सांगितले. त्यावर तिला कोणी गप्प बसविल्याचे लिहिलेले नाही. आणि तिच्या घरी नव्या आयुष्याचा आरंभ कशाने झाला? तिची सून सातूच्या शेतात सरवा वेचावयास गेली, त्याने.

हळदीचा दाखला

कोणी म्हणेल, आमच्या भगिनींस ओव्या रचता येत नाहीत आणि आठवणी लिहिता येत नाहीत. खरे आहे. पण हळद लावणे त्यांस येते. हळदीचे पीक तयार होते, तेव्हा वरची पाने पिवळी पडून वाळतात व झाड जमिनीवर लोळते. अनोळखी माणसास वाटावे की, पीक मेले. ओळखणारा पाला कापतो आणि जमीन खणून गड्डे काढतो. बहुतेक हळद शिजवून, वाळवून बाजारास जाते. पण जेठा गड्डा बेण्यासाठी वेगळा काढून सावलीत ठेवतात. त्याला काही आठवडे विसावा लागतो. काढल्या दिवशीच कोणी तो पुरीत नाही, आणि लागवडीची वेळ टळून जाईपर्यंत कोणी तो तसाच ठेवीतही नाही, कारण तो सुकून वाया जातो.

शोकाचेही असेच आहे. त्यास सावलीतील दिवस दिले पाहिजेत. तिसऱ्या दिवशीच "झाले गेले विसर" असे म्हणणे हा निर्दयपणा होय. पण लागवडीची वेळही येते, आणि ती ओळखून "चला बाई, आपण मिळून वाफा करू" असे म्हणणारा शेजारी लागतो.

कागदांची काळजी

येथे आम्ही एक रूक्ष वाटणारी गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून पुष्कळ घरे बसली आहेत. नवरा गेल्यावर जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून घ्यावी. त्यासाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवावयाचे असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही मुलगे, मुली व मृताची आई यांच्याबरोबर पहिल्या वर्गातील वारस आहे. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलेबाळे असतील, तर विधवेचा हिस्सा एक तृतीयांश, व उरलेला दोन तृतीयांश मुलांचा. दीर किंवा सासरा सांगतो म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणी जिल्हा समितीने पात्र ठरविल्यास कुटुंबास शासनाकडून १ लाख रुपयांची मदत मिळते. बँकेच्या कर्जाचे कागद व जमिनीचा उतारा त्या वेळी लागतो. म्हणून ते घरातून हलू देऊ नयेत. निराधार विधवेने संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी. शोकात बुडालेल्या बाईस हे एकटीने जमत नाही. तिच्याबरोबर मोटारीत बसून औंढ्यास जाणारा एक लिहिता-वाचता शेजारी, हीच खरी सांत्वनाची भेट होय.

शोक आणि आजार यांतील भेद

शोक हा आजार नव्हे. पण क्वचित तो आजाराचे रूप घेतो, आणि ते ओळखणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत दीर्घकाळ चालणाऱ्या शोकाची वेगळी नोंद आहे: सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, तरी तीव्र ओढ व वेदना कमी होत नाही, आणि रोजचे व्यवहार थांबतात. झोप व अन्न तुटले, किंवा जगणे नको असे कोणी बोलले, तर सहा महिने थांबू नये. त्याच दिवशी सोबत करावी व डॉक्टरांस गाठावे. टेलि-मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, आणि मराठीत बोलता येते.

अशा माणसास केवळ मोठ्या शहरातील तज्ज्ञच बरे करू शकतात, असे नाही. विदर्भातील अमरावती जिल्ह्याच्या ३० खेड्यांत काही वर्षांपूर्वी 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातील कार्यकर्त्यांस शिकवून घरोघरी पाठविले. उदास झालेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. गोव्यातही प्राथमिक आरोग्य केंद्रांत शिकविलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटी देऊन अतिशय खिन्न झालेल्या रोग्यांस दिलासा दिला. त्यांच्या उपायाचे सार हेच होते की, रोग्याने अर्थ असलेले लहानसे काम ठरवून रोज करावे. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहात जे केले, तेच शास्त्रानेही पारखून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

मंडळीने काय करावे

विधवेस अपशकुनी मानून हळदीकुंकवात, बारशात किंवा पेरणीच्या मुहूर्तात मागे सारण्याची चाल आमच्या खेड्यांतून अद्याप पुरती गेलेली नाही, आणि मंडळ्याही तिच्यापासून अलिप्त आहेत असे म्हणवत नाही. पहिले तिला पुढच्या रांगेत बसवा. दुसरे, पहिल्या महिन्यातील गर्दीपेक्षा सहाव्या महिन्यातील एक भेट अधिक मोलाची आहे, हे लक्षात ठेवा. तेव्हा दाराशी कोणीच नसते. तिसरे, तिला फक्त घेणारी करू नका. तिच्याकडूनही काही मागा: लोणचे, शिवण, एखाद्या आजाऱ्यापाशी रात्र बसणे. आपली कोणास गरज आहे, हे कळल्याने माणूस जितका उभा राहतो, तितका उपदेशाने राहत नाही.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वर्षभरात कोणाचे घर असे मोडले आहे? त्या घरी सहाव्या महिन्यात कोण गेले?

२. त्या घराच्या सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली आहे काय?

३. त्या व्यक्तीच्या हाताशी असलेले लहान काम कोणते, आणि त्यात आपण कोणता हात देऊ शकतो?

या प्रश्नांची उत्तरे कागदावर नकोत. येत्या आठवड्यात एका दाराशी जाऊन ती द्यावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.