माजी सैनिकांचे दृष्टी-पुनर्वसन : करिअर म्हणून कसे?

प्रश्न : मी अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपी शिकते. माजी सैनिकांच्या दृष्टी-पुनर्वसनाकडे वळावे का?

उत्तर : जरूर. या शास्त्राची घडणच सैनिकांच्या सेवेतून झाली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी लांब काठीचे तंत्र विकसित केले. १९४८ मध्ये अमेरिकेतील हाइन्स येथे सरकारच्या माजी सैनिक विभागाचे पहिले अंध-पुनर्वसन केंद्र निघाले. अशा निवासी केंद्रांत काठी, भिंग, संगणक, स्वयंपाक सारे एकत्र शिकवतात. त्यामुळे नवशिक्याचा हात चौफेर तयार होतो. शिवाय नोकरी सरकारी असल्याने निवृत्तिवेतन आहेच. खासगीत पगार जास्त मिळू शकेल, हे मान्य. पण तिथे रुग्णाला किती वेळ द्यायचा हे बरेचदा विमा ठरवतो. युद्धे थांबली की काम आटेल, ही शंकाही टिकत नाही, कारण या केंद्रांत येणाऱ्या बहुतेकांची दृष्टी वयोमानाच्या विकारांनी जाते. नागरिकत्वाची अट मात्र आधी तपासा; नेमणुकीत अमेरिकी नागरिकांना प्राधान्य असते.